मीटरवर 12 व्होल्ट, तरी पंखा बंद

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी बारा वर्षांची आहे. राजवाड्याच्या गर्दीत दहा मिनिटं अडकलं की तापमानाचा काटा चढतो. देवासच्या मोकळ्या रस्त्यावर काही त्रास नाही. एसी लावल्यावर रिले (पंख्याचा करंट जोडणारा स्विच) टिक् वाजतो, पण रेडिएटरचा पंखा फिरत नाही. मोटर आणि रिले, दोन्ही नवे टाकले. मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून मीटर लावला तर 12 व्होल्ट येतात. बॅटरीवरून थेट वायर दिली की पंखा जोरात फिरतो. मेकॅनिक आता तापमानाचा सेन्सर बदलू म्हणतो. बदलू का? या महिन्यात ओंकारेश्वरला जायचं आहे.
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : सेन्सर बदलू नका. रिले टिक् वाजतो म्हणजे पंखा लावण्याचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतो आहे. अडचण त्याच्या पुढे, मोटरला जाणाऱ्या वायरीत किंवा अर्थमध्ये, म्हणजे मोटरकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीत आहे.

त्या 12 व्होल्टांवर विसंबू नका. मीटर नावालाच करंट ओढतो, म्हणून सडलेल्या कपलरमधूनही तो पूर्ण आकडा दाखवतो. पंख्याला दहा अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात. वाटेत एक ओहमचा जरी अडथळा असला तरी 10 अँपिअरला 10 व्होल्ट तिथेच खर्च होतात. मग मोटरला उरतं काय?

म्हणून कपलर मोटरला लावलेला ठेवूनच तपासा. इंजिन सुरू, एसी सुरू. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा, दुसरी कपलरच्या मागून टाचणी सरकवून मोटरच्या काळ्या वायरीवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. मग असंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या पॉझिटिव्ह वायरीपर्यंत मोजा. तिथे जास्त आलं तर फ्यूजचा होल्डर, रिलेचं सॉकेट, कपलर असा एकेक टप्पा वेगळा मोजत चला. सॉकेट तपकिरी पडलंय का, पिना हिरव्या झाल्यात का, तेही बघा. हात पात्यांपासून लांब ठेवा. पंखा अचानक सुरू होतो.

मी आधी अर्थच बघतो. सव्वीस वर्षं वायरिंगचं काम केलं, त्यातली एक गाडी विसरत नाही. पुढचा भाग डेंटिंग-पेंटिंग होऊन आला होता आणि हेडलाइटमागचा अर्थचा बोल्ट नव्या रंगावरच आवळला होता. त्या घरच्या काकूंनी माझ्यापुढे दोन मोटरींच्या पावत्या ठेवल्या, फार वाईट वाटलं. रंग खरवडून बोल्ट पुन्हा कसला, पंखा फिरला. तुमच्या गाडीचं पुढचं काम झालं असेल तर तिथूनच सुरुवात करा.

फ्यूज उडाला तरी मोठ्या अँपिअरचा घालू नका, वायर जळेल.

आणि दुरुस्तीआधी ओंकारेश्वरला निघू नका. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात परत येताना ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावं लागतं. इंजिनवर पूर्ण भार आणि रेडिएटरला वारा नाही. कुठेही काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण, आणि गाडी कडेला. रेडिएटरचं झाकण गार झाल्याशिवाय उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच उकळून अंगावर येतं.