खरा हात, खोटा हात

(गेल्या अंकात सांगली भागातल्या एका एसटी कंडक्टरताईंनी ‘ताकायासू’ या आजारासोबत काढलेल्या वर्षांबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना त्यांनीच दिलेली ही उत्तरं. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत. – संपादक)

पहिल्यांदा एक सांगते. मी डॉक्टर नाही, तिकीट फाडणारी बाई आहे. गोळीचा डोस मला विचारू नका. तो ज्याने लिहून दिलाय त्यालाच विचारा.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या हातांना, डोक्याला, मूत्रपिंडांना जाणाऱ्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतींना सूज येते. ती आणते आपलीच रोगप्रतिकारशक्ती. भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद होत जाते. २००६ साली, २७ वर्षांची असताना, माझ्या डाव्या हाताची वाट बुजली. गाडीत दांडी धरून उभी राहिले की हात भरून यायचा, घंटीची दोरी ओढायला वर केला की बोटं गार पडायची. सहा महिने मी मानेला पट्टा लावून, लोहाच्या गोळ्या खात ड्यूटी केली. मग एका शिबिरात नर्सबाईंना माझ्या डाव्या हाताला नाडीच लागेना. त्यांनी हात बदलला. उजव्याला वरचं बीपी १७०, डाव्याला जेमतेम ९०. डाव्याचं बीपी खोटं, कमी दिसतं, म्हणून तेव्हापासून आमच्या घरात त्याला ‘खोटा हात’ म्हणतात.

मुलगी २३ वर्षांची आहे. आठ महिने प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू आहे. चेहरा पुरीसारखा फुगलाय, ओठावर लव आलीय. आरशात बघत नाही. आता सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलाय. दिवाळीनंतर स्थळं बघायचीत. तोपर्यंत दोन महिने गोळी बंद ठेवली तर चालेल का? आणि पाहुण्यांना सांगायचं की नाही? – एक आई, बार्शी

वहिनी, गोळी बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार करतात. बाहेरून गोळी यायला लागली की त्या झोपी जातात. अशा वेळी गोळी एकदम थांबली तर त्यांना जागं व्हायला सवडच मिळत नाही. उलट्या होतात, बीपी कोसळतं, माणूस जागच्या जागी बसतो. म्हणून डोस पायरी-पायरीने उतरवतात आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत सावकाश. तिला उलट्या-जुलाब होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर तेव्हाही घरी बसू नका, दवाखान्यात जा. ती स्टिरॉइड घेते हे तिथे सगळ्यात आधी सांगा. माझ्या पर्समध्ये तसं लिहिलेलं कार्ड असतं.

दुसरी गोष्ट सीआरपीची. तो नॉर्मल आला की आपल्याला वाटतं, सुटलो. मलाही वाटलं होतं. २००८ साली रिपोर्ट छान होता. चुलतबहिणीच्या लग्नात फोटो बरे यावेत म्हणून मी माझ्याच मनाने गोळी निम्मी केली. फोटो बरे आले नाहीत ते नाहीतच, पण तीन महिन्यांत मानेत दुखायला लागलं आणि अँजिओग्राफीत डोक्याकडे जाणारी डावी धमनी अरुंद झालेली दिसली. या आजारात रक्ताचा रिपोर्ट गप्प असताना धमनीच्या भिंतीत धुमसत असू शकतं. म्हणून डॉक्टर नाडी बघतात, दोन्ही हातांचं बीपी घेतात, मानेवर आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून सूं-सूं आवाज येतो का ऐकतात आणि अधूनमधून स्कॅन करतात. आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी रुग्णाला तपासताना दिसणाऱ्या अशा खुणांचे गुण मांडून आजार किती जागा आहे ते ठरवायची एक पद्धत बसवलीय. ‘आयटास २०१०’ असं तिचं नाव. पुढच्या भेटीत विचारा, तिचे गुण किती आले.

चेहऱ्याचं दुःख खोटं नाही, त्यामुळे ‘रूपात काय आहे’ असं तिला कृपा करून म्हणू नका. मला ते म्हणणाऱ्या सगळ्या बायका दिसायला चांगल्या होत्या. माझा डोस १० मिलिग्रॅमच्या खाली आला तसा चेहरा उतरू लागला, पूर्ण उतरायला पाच-सहा महिने गेले. तोवर मी खाण्याला लगाम घातला. स्टिरॉइडची भूक ही खोटी भूक असते. रात्री ११ वाजता मी चिवड्याचा डबा घेऊन बसायचे! लोणचं, पापड, खारवलेले शेंगदाणे कमी केले, कारण मिठाने अंगात पाणी धरतं आणि बीपीही वाढतं. साखर आणि हाडं यांच्याकडे लक्ष द्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चुकवू नका, डोळे तपासून घ्या. स्टिरॉइडने मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. गोळी सकाळी, नाश्ता झाल्यावर. रात्री घेतली तर झोप उडते.

आणि हो, कुणी तरी ‘सूज उतरवणारी’ पुडी आणून देईल. आमच्याकडे तिघांनी आणली होती. कागदावर काहीच लिहिलेलं नसतं आणि तसल्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइडच निघतं.

राहिली पाहुण्यांची गोष्ट. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. कांदेपोह्यांच्या बशा हातात असताना हे काढू नये. पण सुपारी फुटायच्या आत मुलाला सांगावं, आणि ते मुलीने सांगावं, तुम्ही नाही. लपवलं तर लग्नानंतर पहिली गोळी ती न्हाणीघरात जाऊन घेईल, आणि अशा चोरून घ्यायच्या गोळ्याच चुकतात. दिवाळीनंतर नाही तर पुढच्या दिवाळीनंतर बघा. डोस उतरू दे आधी.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का? नातेवाईक म्हणतात, एवढ्याशा गोळीने काय होणार, रोज घे म्हणजे लवकर गुण येईल. – एक ताई, नांदेड

त्या नातेवाइकांना हा अंक वाचायला द्या. मेथोट्रेक्सेट ही रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी. ती रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावू शकतो. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच.

मी वार ठरवला शनिवार रात्र. रविवारी माझी साप्ताहिक सुट्टी, मळमळायचं तर घरी मळमळू दे. बरोबर दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळीच, म्हणून दोन्हींचे डबे मी घरात वेगळ्या टोकांना ठेवते. फॉलिक ॲसिड कुठल्या वारी घ्यायचं ते डॉक्टर लिहून देतात. मला शनिवारी घ्यायचं नाही असं सांगितलंय.

नोकरीची सवय कामाला आली. कंडक्टर वेबिल लिहितो तसं मी गोळ्यांचं वेबिल लिहिते. तारीख, गोळी, डोस, दोन्ही हातांचं बीपी. दिवसाचा हिशोब जुळल्याशिवाय झोपत नाही. शनिवारी रात्री ‘घेतली की नाही’ असा घोळ झाला तर वहीत बघायचं. वहीही गप्प असेल तर पुन्हा घ्यायची नाही, सकाळी फोन करून विचारायचं. रक्त आणि यकृताची तपासणी मला सुरुवातीला दर महिन्याला होती, आता तीन महिन्यांनी. दारू घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा, यकृत खोटं बोलत नाही.

मी ३१ वर्षांचा पुरुष, यंत्रमागावर काम करतो. बीपी १९० निघालं आणि तपासात ताकायासू. हा बायकांचा आजार आहे ना? काका म्हणतात हा टीबीच आहे, टीबीच्या गोळ्या घे. – इचलकरंजी

दादा, बायकांत जास्त, हे खरं. पण पुरुषांना होत नाही असं अजिबात नाही. आपल्याकडे हा आजार पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या बऱ्याचदा धरतो, म्हणून कित्येकांना तो बीपीच्या रूपानेच पहिल्यांदा दिसतो. धमनी अरुंद झाली की मूत्रपिंडाला वाटतं, अंगात रक्तच कमी पडलंय. मग ते दाब वाढवणारी द्रव्यं सोडत राहतं. त्यामुळे बीपीची कुठलीही गोळी शेजाऱ्याची बघून घेऊ नका. मूत्रपिंडाच्या दोन्ही धमन्या अरुंद असतील तर काही गोळ्यांनी क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावतं. फुगा घालून धमनी रुंद करता येते, पण शक्यतो आजार शांत असताना, आणि ती पुन्हा अरुंद होऊ शकते हे आधीच ऐकून ठेवा. सिगारेट, तंबाखू असेल तर आज सुटली पाहिजे.

काकांचं अगदीच चूक नाही. या आजाराचा टीबीशी संबंध असावा असा संशय जुना आहे, पण टीबीमुळेच हा होतो हे सिद्ध झालेलं नाही. टीबीच्या गोळ्या टीबी निघाला तरच. मात्र तुमच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी सांगितली असेल तर टाळू नका. स्टिरॉइड आणि त्यापुढच्या औषधांनी झोपलेला टीबी उठतो.

ताकायासू कोण होते? – नववीतली एक वाचक, मिरज

डोळ्यांचे डॉक्टर. मिकितो ताकायासू, जपानमधल्या कानाझावाचे. १९०८ साली त्यांनी एका परिषदेत २१ वर्षांच्या एका तरुणीबद्दल सांगितलं. तिच्या डोळ्याच्या आत, मज्जातंतूभोवती रक्तवाहिन्यांचं कडं झालं होतं. तिथेच आणखी दोन डॉक्टर म्हणाले की आमच्याही अशा रुग्ण आहेत आणि त्यांच्या मनगटाला नाडी लागत नाही. आजाराला नाव मिळालं डोळा बघणाऱ्याचं. नाडी बघणाऱ्या त्या दोघांसाठी मला अजून वाईट वाटतं.

लग्नाला चार वर्षं झाली. सासूबाई रोज विचारतात. मूल होऊ शकतं का? – पनवेल

माझा मुलगा २०१२ चा आहे. क्रिकेट सोडून कशात लक्ष नाही.

पण तो ठरवून झाला. आजार सहा महिने तरी शांत हवा, बीपी ताब्यात हवं आणि औषधं आधी बदलावी लागतात. मेथोट्रेक्सेट आणि तशाच कामाचं मायकोफेनोलेट ही औषधं बाळाला घातक आहेत. माझं मेथोट्रेक्सेट तीन महिने आधी बंद करून त्याच्या जागी अझाथायोप्रिन दिलं, प्रेडनिसोलोनचा छोटा डोस चालू ठेवला. मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेट चालू असेल तोवर पक्कं गर्भनिरोधक वापरा. आणि चुकून दिवस गेले तर घाबरून घरात बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. या आजारात गरोदरपणी बीपी उसळतं, बाळ वजनाला कमी भरू शकतं. मोठ्या रुग्णालयातच नाव घाला, जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ (हा आजार बघणारे डॉक्टर) एकमेकांशी बोलतात.

बाळंतपणाच्या वेळी पाळी बदलली की नवी नर्स यायची आणि सरळ डाव्या हाताला पट्टा बांधायची. ‘बीपी लो आहे’ म्हणून धावपळ. शेवटी माझ्या नवऱ्याने बॉलपेनने डाव्या दंडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘इथे नको’. तुमचा खरा हात कोणता ते नवऱ्याला, सासूबाईंना, शेजारणीला, सगळ्यांना ठाऊक असू द्या. दोन्ही हात खोटे असतील तर बीपी पायाला घेतात, तेही सांगून ठेवा. सासूबाईंना रोज काय उत्तर द्यायचं ते मात्र मला अजून जमलेलं नाही.

सासरे ७४ वर्षांचे. तीन आठवडे कानशिलं ठणकतात, केस विंचरले तरी डोकं दुखतं. भाकरी चावताना जबडा थकतो, मधेच थांबतात. परवा एका डोळ्यापुढे काही मिनिटं अंधार आला. दातांच्या डॉक्टरांना दाखवलंय. तुमच्या लेखात मोठ्या धमन्यांची सूज वाचून विचारावंसं वाटलं. – एक सून, पुणे

ताकायासू बहुतेक चाळिशीच्या आत गाठतो. त्याचा थोरला भाऊ पन्नाशीनंतर येतो, बहुतेकदा सत्तरीत, आणि कानशिलाची धमनी धरतो. जायंट सेल आर्टरायटिस. आपल्याकडे कमी दिसतो, म्हणून दातांकडे, चष्म्याकडे, मायग्रेनकडे दिवस निघून जातात. यात डोळा जातो आणि गेलेला डोळा सहसा परत येत नाही. नुसता संशय पक्का असला तरी डॉक्टर त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू करतात. कानशिलाच्या धमनीचा तुकडा काढून तपासणं दोन-चार दिवसांनी झालं तरी चालतं.

वाचकहो, या पत्राचं उत्तर छापून येईपर्यंत मी थांबले नाही. ते माझ्याकडे आलं त्याच दुपारी संपादकांकडून नंबर घेऊन मी आगारातूनच फोन लावला. सूनबाई म्हणाल्या, सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय. तो बुधवार होता. मी म्हटलं, सोमवार नाही, आता रिक्षा बोलवा. रात्री नऊला त्यांचा मेसेज आला (ईएसआर म्हणजे सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी, १०५ म्हणजे खूपच जास्त): ‘ॲडमिट केलंय. ईएसआर १०५. सलाईनमधून स्टिरॉइड चालू. चहा मागतायत.’