जुनी पिकअप खाली घ्यायचीय, दहा हजारात होईल का?

प्रश्न: राम राम दादा, मी चोपडा तालुक्यातला. वडिलांची जुनी पिकअप आहे, केळी वाहून वाहून थकली, आता मालासाठी दुसरी घेतली आणि ही माझ्याकडे आली. मागून फार उंच दिसते आणि रिकामी असली की नुसती उड्या मारते. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, मागे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) ॲक्सलच्या वर. दोनेक इंच खाली घ्यायचीय. मेकॅनिक म्हणतो पाट्यांना गॅस मारू, म्हणजे तापवून वाकवू, अर्ध्या तासात होतं. मारू का?

उत्तर: राम राम भाऊ. गॅस अजिबात मारू देऊ नको. पाट्याला ताकद असते ती त्याला दिलेल्या पाण्यामुळे, म्हणजे तापवून थंड करून आणलेल्या कडकपणामुळे, लाल केला की ते पाणी उतरतं आणि मग तो कधी तुटेल सांगता येत नाही. माझ्या मामेभावाने असंच केलं होतं, पारोळ्याच्या पुढे मेन पाटा तुटला, ॲक्सल एका बाजूला सरकलं, गाडी रिकामी होती आणि स्पीड कमी होता म्हणून तो वाचला.

पुढचं काम जवळपास फुकटात होतं. आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावून लिहून ठेव, मग जॅक लावून चाकं उचल आणि टॉर्शन बारचा ॲडजस्टर बोल्ट दोन्हीकडे मोजून सैल कर, थोडी चालवून परत मोज. चाक धरणारा आर्म बंप रबरावर (धक्का अडवणाऱ्या रबरावर) टेकायला लागला की तिथेच थांब. त्यानंतर अलाइनमेंट करायचीच, नाहीतर टायर एका कडेने झिजून जातील.

मागे कोणी ब्लॉक (ॲक्सल आणि पाट्यांच्या मधला लोखंडी ठोकळा) टाक म्हणेल तर ऐकू नको, तुझे पाटे ॲक्सलच्या वर आहेत, मध्ये ब्लॉक टाकला तर गाडी उलट उचलेल! ॲक्सल पाट्यांच्या वर घेता येतं पण मग ते चॅसिसला भिडतं, चॅसिस कापावी लागते, ते तुझ्या बजेटचं काम नाही. सगळ्यात खालचा जाड सरळ पाटा काढूनही फरक पडत नाही, रिकाम्या गाडीत तो बहुतेक टेकतच नाही. पाटेवाल्याकडे सेट नेऊन थंडच ठोकून कमान कमी करून घे, हवं तर मधला एक पाटा काढ, उड्या पण कमी होतील. पण मग त्या गाडीत केळी भरायची नाही, एक खेप सुद्धा नाही. पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवेच टाक. उरलेले पैसे बुश आणि शॉकअपवर घाल, जुन्या गाडीच्या निम्म्या उड्या तिथूनच येतात.

एक गोष्ट बरेच मेकॅनिक विसरतात. मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असेल तर गाडी खाली बसली की त्याला वाटतं माल भरलाय, तो मागे जास्त प्रेशर सोडतो आणि पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होतात. दांडी परत सेट करून घे.

आणि आधी आरटीओत विचार. आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे चालत नाही, सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये तेच सांगितलंय, दंड एका बदलाला 5000 रुपये. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेसला जावंच लागतं, तेव्हा परत बसवायची वेळ येऊ शकते, म्हणून काढलेला पाटा भंगारात देऊ नको, ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून ठेव.