ब्राउन बेल्ट होता, मग हात का हलला नाही?

“चार वर्षं कराटे केलं. ब्राउन बेल्ट आहे, ब्लॅकच्या खालचा. आणि त्यानं मनगट धरलं तेव्हा मी खांबासारखी उभी राहिले. मग शिकून झालं काय?”

आमच्याकडे हा प्रश्न घेऊन मदतीला येणारे पुष्कळ. कोणी तायक्वांदो शिकलेलं असतं, तर कोणाच्या गाठीला शाळेतलं तीन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर असतं. इथे जिची हकीकत आहे ती एकच मुलगी नाही. अशा अनेक जणींच्या बोलण्यातून ती उभी केली आहे, त्यामुळे कोणी ओळखीचं शोधू नये.

वय चोवीस, नोकरी करणारी. कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं. पेले कमी पडले म्हणून ती खाली निघाली. गच्चीच्या दाराखालच्या लँडिंगवर शेजारच्या विंगेतला एक जण उभा होता. लहानपणापासून ती त्याला दादा म्हणते. बोलता बोलता त्यानं तिचं उजवं मनगट धरलं, तिला भिंतीला टेकवलं आणि दुसरा हात कमरेवर ठेवला. खालून चपलांचा आवाज आला तसा हात काढला, “अगं, मस्करी केली” म्हणाला आणि वर निघून गेला. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. घरी तिनं सांगितलं ते तीन आठवड्यांनी. आई म्हणाली, “बरं झालं ओरडली नाहीस, उगाच बोभाटा झाला असता.” वडील म्हणाले, “एवढी वर्षं फी भरली ती कशासाठी?” दोघांचंही मन वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून तिनं कराटेचा ड्रेस कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकला.

पहिल्या भेटीत तिला त्या क्षणाचं काय आठवतं ते विचारलं. “त्याच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं होतं. बाकी काही नाही.” श्वास? “आत घेतला होता, बाहेर सोडलाच नाही.” हे वर्णन फार नेमकं आहे. अचानक धोका आला की नजर एका बिंदूवर आवळते, श्वास अडकतो, हातपाय गळतात किंवा ताठ होतात, दातखीळ बसते. हे ठरवून होत नाही आणि ब्राउन बेल्टनं टळतही नाही. स्टॉकहोमच्या एका तातडीच्या उपचारकेंद्रात लैंगिक अत्याचारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं होतं. हा आकडा ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “हे बाबांना सांगाल का?”

थिजणं समजून घेतलं तरी प्रश्न उरतोच, की पुढच्या वेळी काय करायचं? त्यासाठी आम्ही नेहमी स्वसंरक्षण शिकवणाऱ्या एका प्रशिक्षक बाईंना सोबत घेतो. त्यांनी तिला आधी जे येतं ते करून दाखवायला सांगितलं. ठोसे स्वच्छ होते. समोरचा दोन पावलांवरून येणार, कुठला हल्ला करणार तेही ठाऊक, एक मूठ कमरेला ओढलेली आणि दुसरी सरळ छातीवर. मग बाईंनी तिला भिंतीला टेकवलं, एक वीत अंतर ठेवून समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता मार.” मूठ मागे ओढायला जागाच नव्हती, कोपर भिंतीवर आपटलं. चार वर्षांत वीतभर अंतरावरून एकदाही सराव झाला नव्हता, आणि ओळखीच्या माणसाबरोबर तर मुळीच नाही. कराटे वाईट नाही. त्यातल्या कोपर-गुडघ्याच्या माराला जवळच्या अंतरावर तोड नाही. पण परीक्षेपुरतं शिकवलं की तोच भाग मागे पडतो.

सुरुवात आवाजापासून झाली. बाईंनी मनगट धरलं आणि ओरडायला सांगितलं. ती म्हणाली, “सोडा ना.”

या “ना”वर अख्खी एक भेट गेली. मराठीत आज्ञेला “ना” लावला की तिची विनंती होते. “बस ना”, “घे ना”, “सोड ना”. शिवाय समोर दादा, म्हणजे “सोड” म्हणायला जीभ वळत नाही. मोठ्यांना अरेतुरे करायचं नाही हे वर्षानुवर्षं घोटलेलं असतं, ते दहा सेकंदांत पुसत नाही. म्हणून अरेतुरे कर असा आग्रह धरलाच नाही. “हात सोडा.” एवढंच, “ना” गाळून, शेवटचा स्वर खाली आणून, त्याच्या डोळ्यांत पाहून. बाई एकच गोष्ट तपासत होत्या, श्वास पूर्ण बाहेर गेला की नाही. ओरडताना श्वास सोडावाच लागतो आणि श्वास सुटला की थिजलेलं शरीर मोकळं व्हायला मदत होते. ओरडण्याचा पहिला फायदा हा; लोक धावून येणं नंतरचं. दुसरं वाक्य आजूबाजूच्यांसाठी. “वाचवा”पेक्षा “निळ्या शर्टवाले, मागे व्हा, हात लावू नका” हे बरं, कारण त्यानं काय चाललंय ते कळतं आणि मस्करीची पळवाट उरत नाही.

मग मनगट. बहुतेक जण हात सरळ मागे ओढतात आणि ती रस्सीखेच होते, जड माणूस जिंकतो. पकडीत कच्ची जागा एकच, त्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात ती फट. आधी अर्धं पाऊल त्याच्याकडे टाकायचं, म्हणजे हात ढिला पडून कोपर वाकवता येतं. मनगट फिरवून त्याची अरुंद कड, अंगठ्याच्या बाजूचं हाड, त्या फटीसमोर आणायचं. मग आपलं कोपर त्याच्या हाताकडे ढकलत पंजा झटक्यानं आपल्याच खांद्याकडे न्यायचा. त्यानं दोन्ही हातांनी एक मनगट धरलं असेल, तर आपल्या दुसऱ्या हातानं त्याच्या हातांच्या मधून जाऊन स्वतःचीच मूठ पकडायची आणि सगळ्या अंगानं वर उचलायची. तिची चूक ठरलेली होती. हात सुटला की तिथेच उभी राहायची, जणू सर आता गुण देणार. दर वेळी सुटल्यावर चार पावलं पळून दाराला हात लावायचा, असा नियम केला तेव्हा ती सवय मोडली.

भिंतीला टेकल्यावर पाठ सपाट ठेवायची नाही, एक कुल्ला बाहेर काढून अंग कडेनं वळवायचं. एका हाताची कोपरापासूनची बाजू त्याच्या गळ्याखालच्या हाडावर आडवी, दुसरा हात त्याच्या दंडावर. ही चौकट उभी राहिली की त्याचं वजन आपल्या छातीवर न येता आपल्या हाडांवर येतं आणि मारायला वीतभर जागा मिळते. मार मुठीचा नको. मुठीनं डोक्यावर मारलं की करंगळीमागचं हाड मोडू शकतं. सराव असलेल्यांचंही मोडतं. तळहाताचा मनगटालगतचा जाड भाग वापरायचा, ज्यानं आपण कणिक मळतो तोच. आणि मळताना जसं खांद्याऐवजी कमरेपासून वजन टाकतो, तसंच. निशाण नाक नाहीतर हनुवटी. अंतर त्याहून कमी असेल तर कोपर: पंजा स्वतःच्या छातीला चिकटवून कमर फिरवायची. गुडघ्याबद्दल मोठा गैरसमज आहे. मांड्यांच्या मधे एक लाथ घातली की पुरुष कोसळतो, असं मुलींना सांगितलं जातं. पुरुष ती जागा न शिकवताच सांभाळतात, मांड्या आवळतात. दारू प्यायलेल्याला कळ उशिरा कळते. तो वार आधी ठेवू नये. चेहऱ्यावर मार बसून त्याचे हात वर गेले की मग गुडघा, तोही एकदाच नाही.

जमिनीवरच्या सरावाची तिला सगळ्यांत भीती होती, म्हणून ती भेट सहाव्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलली. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठ टेकल्यावर काम सुरू होतं. पोटावर कोणी बसला असेल तर टाचा नितंबांजवळ ओढायच्या. त्याचा एक हात दोन्ही हातांनी धरून छातीशी आवळायचा आणि त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायानं बाहेरून अडवायचा. म्हणजे त्या बाजूला त्याला टेकू उरत नाही. मग कंबर उचलायची, पण सरळ छताकडे नाही, त्या बाजूच्या खांद्यावरून तिरकी. सरळ उचलली की तो नुसता पुढे झुकतो आणि परत बसतो. बहुतेकांचं इथेच फसतं. पुरेशी उंची आली की तो कलंडतो; आपण वर येतो, आणि वर आल्यावर तिथे बसून राहायचं नाही. उठताना एक हात मागे टेकवून, दुसरा चेहऱ्यासमोर ठेवून, टेकवलेल्या हाताच्या बाजूचा पाय मागे काढून उभं राहायचं. पुढे वाकून उठलं की डोकं त्याच्या हातात जातं.

सरावाला ट्रॅकसूट बंद केला. कुर्ता, ओढणी, आडवी पर्स, रोजच्या सँडल. ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली असली की ती दुसऱ्याच्या हातात आयता दोर असते. आठव्या आठवड्यापासून तिच्या संमतीनं जाड पॅडिंग घातलेला पुरुष प्रशिक्षक आणला. थांबण्याचा शब्द आधी ठरवला, “लिंबू”. “नको”, “थांबा”, “सोडा” हे शब्द सरावातच ओरडायचे असतात, म्हणून ते चालत नाहीत. जीभ अडकली तर दोन थापा. दर फेरीनंतर भीती शून्य ते दहा किती ते विचारायचं. सातच्या वर असेल तर पुढची पायरी नाही, तीच परत. सगळ्यांत कामाचा सराव दिसायला बावळट वाटतो. त्यानं धरायचं आणि तिनं पाच सेकंद मुद्दाम काहीच करायचं नाही. मग पायाची बोटं हलवायची, श्वास सोडायचा, “हात सोडा” म्हणायचं, आणि त्यानंतरच कोपर. थिजण्यातून बाहेर पडायचं तर ते थिजलेल्या जागेपासूनच शिकावं लागतं.

हे सगळ्यांना लगेच मानवत नाही. रात्री दचकून जाग येत असेल, तो प्रसंग डोळ्यांसमोर घडत असल्यासारखा दिसत असेल, सरावात अंग बधिर होऊन आपण कुठे आहोत ते कळेनासं होत असेल, तर आधी उपचार, मग आखाडा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

आईची शंका वेगळी होती. “हिनं हात उगारला तर तो जास्त मारणार नाही?” शस्त्र असेल, माणसं जास्त असतील आणि त्यांना फक्त पर्स हवी असेल तर पर्स फेकून उलट्या दिशेनं पळायचं, चाकू हिसकावण्याचे डाव विसरून जायचे. पण ओळखीच्या माणसाच्या लगटीचा हिशोब निराळा आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण देऊन वर्षभर पाहिलं गेलं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बलात्काराचं प्रमाण नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. बारा तासांतला हाणामारीचा भाग थोडाच होता. उरलेल्या वेळात मुख्यतः ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं आणि त्याला दुखवायच्या संकोचावर मात करणं, म्हणजे आपला तो “ना”.

वडिलांना कायद्याची काळजी. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. म्हणजे सुटका होईपर्यंत मारलेलं कोपर बचावात मोडतं. तो खाली पडल्यावर, वाट मोकळी असताना परत जाऊन घातलेली लाथ अडचणीची. “सुटलं की दाराला हात” हा नियम इथेही उपयोगी पडतो. आणि लँडिंगवर जे घडलं ती मस्करी नव्हे. विनयभंगाच्या हेतूनं बळ वापरणं कलम ७४ खाली येतं, शिक्षा एक ते पाच वर्षं. तक्रार करायची की नाही हे तिनं ठरवायचं होतं. तिनं तारीख, वेळ, शर्ट, तुटलेलं बटण, चपलांचा आवाज कोणाचा, सगळं कागदावर लिहून खाली सही केली आणि तो कागद तूर्त आईकडे ठेवायला दिला.

बाराव्या आठवड्यात आईवडील बघायला आले होते. पॅडिंगवाल्यानं न सांगता मागच्या दारातून येऊन मनगट धरलं. ती थिजली. बाईंच्या घड्याळात दोन सेकंद. मग श्वासाचा आवाज आला, “हात सोडा”, अर्धं पाऊल पुढे, मनगट सुटलं, हेल्मेटवर तळहात दोनदा बसला आणि ती दारापर्यंत पोचली. एक सँडल मधेच राहिली होती. वडिलांनी ती उचलून आणून दिली आणि बाईंना विचारलं, “ते अंगठ्याचं मला एकदा दाखवता?”