एन्झाइम नाही, तरी त्याच्याशिवाय बी पेशी बनत नाहीत

प्रश्न: माझ्या भाचीला (वय 4) सारखा न्यूमोनिया होतो, कान वाहतो. रक्तात बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा प्रकार) जवळजवळ नाहीतच आणि जीन टेस्टमध्ये बीएलएनके जीन बिघडलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले हे अ‍ॅडाप्टर प्रोटीन, स्वतः काही रिअ‍ॅक्शन करत नाही. मग ते नसल्यानं एवढं कसं बिघडतं? आणि नेटवर वाचलं की हा आजार मुलग्यांनाच होतो. - एक मावशी, सांगली

उत्तर: ताई, मुलग्यांना होतो तो बीटीके जीनचा आजार, एक्स क्रोमोसोमवरचा, आणि बहुतेक केसेस त्याच्याच असतात म्हणून नेटवर तेच दिसतं. बीएलएनके एक्सवर नाही, आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली कॉपी आली की मुलगी असो वा मुलगा, आजार होतो. नात्यात लग्न झालेलं असेल तर ही शक्यता वाढते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बोन मॅरोमध्ये बी पेशी तयार होताना अँटीबॉडीची जड साखळी (तिचा मोठा भाग) आधी बनते आणि ती नीट जमली का याची तिथेच परीक्षा होते. पास झाल्याचा सिग्नल आला तरच पेशी जगते आणि वाढते. हा सिग्नल असा जातो: सिक नावाचं एन्झाइम बीएलएनकेच्या टायरोसिनवर (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चिकटवतं, मग त्याच फॉस्फेटला धरून बीटीके आणि पीएलसी-गॅमा-2 ही दोन एन्झाइम शेजारी शेजारी येऊन बसतात, बीटीके पीएलसीला चालू करतं आणि पेशीत कॅल्शियम वाढतं. बीएलएनके नसेल तर दोन्ही एन्झाइम ठणठणीत असूनही एकमेकांना भेटतच नाहीत, सिग्नल तिथेच तुटतो आणि पेशी पुढे जात नाही. म्हणजे माणसं जमवून देणं हेच त्याचं काम, आणि माझ्या मते ते एन्झाइमच्या कामाइतकंच मोठं. असा पहिला रुग्ण 1999 मध्ये नोंदवला गेला, एक मुलगा, रक्तात बी पेशी नाहीत.

टी पेशी (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) मात्र शाबूत राहतात कारण त्यांचं तेच काम एसएलपी-76 आणि लॅट ही दुसरी अ‍ॅडाप्टर प्रोटीन्स करतात. एसएलपी-76 काढून टाकलेल्या उंदरांत उलटं होतं, टी पेशी थायमसमध्येच (छातीतली ग्रंथी, जिथे त्या तयार होतात) अडकतात आणि बी पेशी ठीक बनतात.

भाचीसाठी इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीज) नियमित, साधारण 3-4 आठवड्यांनी शिरेतून, आणि ते अजिबात चुकवू नका, बरं वाटलं तरी. तोंडातून द्यायचे पोलिओचे थेंब तिला देऊ नका, घरातल्या इतर लहान मुलांनाही नको, कारण त्यांच्या शौचातून तो जिवंत व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचतो. त्याऐवजी इंजेक्शनची लस मिळते. पुढच्या बाळाला हा आजार होण्याची शक्यता दर वेळी 25 टक्के, म्हणून तुमच्या बहिणीला आधीच जेनेटिक काउन्सेलिंग घ्यायला सांगा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, तिथे अशा जन्मजात इम्युनिटीच्या आजारांवर काम चालतं.