शोगीमध्ये (म्हणजे जपानी बुद्धिबळात) मारलेला मोहरा परत पटावर येतो, मग हा डाव संपतो तरी कसा? आणि तो परत ठेवायचे नियम काय?

संपतो हो, चांगला संपतो. दोघांच्या मिळून शंभर-सव्वाशे चालींत बहुतेक डाव निकालात निघतात आणि बरोबरी क्वचितच होते. उलट आपल्याच बुद्धिबळात शेवटी पट रिकामा होऊन दोन राजे एकमेकांची तोंडं बघत बसतात. शोगीत 40 मोहरे सुरुवातीला असतात ते 40 शेवटपर्यंत खेळातच, त्यामुळे शेवटाकडे हल्ला थंड होत नाही, पेटत जातो.

पण "मारलेला" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, कारण माझा मामा गेली सहा वर्षं हेच बोलतोय. मी जपानात नागोयाला असताना त्याला व्हिडिओ कॉलवर पट दाखवला तर म्हणे मेलेला माणूस उठून लढतो हा कसला डाव, हा तर पोरखेळ. अरे पण मेलं कोण? आपण "प्यादं मारलं" म्हणतो, जपानी माणूस "तोरु" म्हणतो म्हणजे घेतलं. दोघांचे मोहरे एकाच रंगाचे, टोक समोरच्याकडे वळवलं की झाला तुमचा, बाजूच्या कोमादाईवर (घेतलेले मोहरे ठेवायच्या छोट्या चौरंगावर) ठेवायचा आणि पाहिजे तेव्हा चालीऐवजी मोकळ्या घरात टक्कन आपटायचा.

आता माझी फजिती. शनिवारी तिथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये खेळायला जायचो, एकदा समोर चौथीतला पोरगा. त्याचा राजा कोपऱ्यात कोंडलेला, माझ्या हातात एक प्यादं आणि एक सोनं (किन, म्हणजे सोन्याचा सेनापती). मी राजाच्या डोक्यावर प्यादं आपटलं, मात! चहा घ्यायला उठलोसुद्धा. पोरगा शांतपणे म्हणाला, "उचिफुझुमे." हातातलं प्यादं ठेवून थेट मात करायची नाही असा नियम आहे आणि नियम मोडला की डाव तिथल्या तिथे गेला, चाल परत वगैरे काही नाही. मला नियम पाठ होता हो, डाव जिंकल्याच्या घाईत डोक्यातून गेला. वर त्याने माझ्या कोमादाईवरच्या सोन्याकडे बोट दाखवलं, तेच त्या घरात ठेवलं असतं तर रीतसर मात होती. पण आपली सवय, सोनं जपून ठेवायचं आणि चिल्लरवर भागवायचं. शेजारचे आजोबा इतके हसले की मी पुढचे दोन शनिवार गेलो नाही.

मामाला हे सांगितल्यावर त्याला आनंदच झाला, बघ म्हणे नियमच वेडे. मग मी त्याला शोगीतले नामवंत खेळाडू कोझो मासुदा यांचा किस्सा ऐकवला. युद्धानंतर जपान अमेरिकनांच्या ताब्यात होता तेव्हा अमेरिकन अधिकाऱ्यांनी मासुदांना बोलावून विचारलं की पकडलेल्यांना परत लढायला लावता हे कैद्यांचे हाल नाहीत का, तर मासुदा म्हणाले, आम्ही मारत नाही, त्यांच्या त्यांच्या हुद्द्यावर कामाला लावतो, मारता तुम्ही. मासुदा स्वतः असं सांगायचे, तिखटमीठ किती ते तुम्ही ठरवा. मामा म्हणाला, मग हत्तीचं काय? काय संबंध?

हां, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलंच. बढती मिळालेला मोहरा घेतला तर तो साधा होऊन हातात येतो आणि ठेवतानाही साधाच ठेवायचा. पुढे चालच उरणार नाही अशा घरात काही ठेवता येत नाही, म्हणजे प्यादं आणि भाला (सरळ पुढेच जाणारा मोहरा) शेवटच्या रांगेत नाही आणि घोडा (इथे तो फक्त पुढेच उडी मारतो) शेवटच्या दोन रांगांत नाही. एका उभ्या रांगेत स्वतःची दोन साधी प्यादी नकोत, याला निफु म्हणतात. 2015 मध्ये एनएचके या जपानी वाहिनीच्या चषकात टीव्हीवर एका आठ-दानवाल्या (म्हणजे वरच्या दर्जाच्या) प्रोने हीच चूक करून डाव घालवला, त्यामुळे तुमची झाली तर लाजू नका. आणि वर लिहिलेला उचिफुझुमेचा नियम फक्त ठेवलेल्या प्याद्याला, पटावरचं प्यादं पुढे सरकवून मात खुशाल करा, प्यादं ठेवून नुसता शहही चालतो.

बुद्धिबळ येत असेल तर आधी क्रेझीहाऊस (घेतलेले मोहरे परत ठेवता येणारा बुद्धिबळाचा प्रकार) खेळा, मोहरे ओळखीचे असतात. मामाच्या फोनमध्ये मी तेच टाकून दिलंय, अजून उघडलेलं नाही.