तटस्थ म्हणजे काठावरचा

प्रश्न असा आहे : जगातल्या धर्मांचा, कोणाचीही बाजू न घेता, तुलनेने अभ्यास करणाऱ्या विषयाला 'तौलनिक धर्मशास्त्र' म्हणावे का? आणि अशा अभ्यासकाची दृष्टी 'तटस्थ' म्हणावी की 'निधर्मी'?

'धर्मशास्त्र' नको. भाषाशास्त्र, समाजशास्त्र यांच्या पंगतीत तो बसेल असे वाटते खरे, पण त्याची जागा फार पूर्वीच ठरलेली आहे. मनू, याज्ञवल्क्य यांच्या स्मृती म्हणजे धर्मशास्त्र. वारसा, विवाह, प्रायश्चित्त, राजाची कर्तव्ये हे त्याचे विषय. पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत ज्याचा इतिहास लिहिला, ते हेच. धर्मशास्त्र 'असे वागावे' म्हणून सांगते. आपल्याला हवा असलेला विषय 'लोक असे वागतात, असे मानतात' इतकेच सांगतो. म्हणून 'धर्मांचा तौलनिक अभ्यास' हेच बरे. लांब आहे, पण 'धर्मांचा' हे अनेकवचन तिथे उपयोगी पडते : शेजारधर्मातला किंवा पुत्रधर्मातला धर्म इथे अभिप्रेत नाही, हे लगेच कळते.

'निधर्मी' हा शब्द माणसाच्या श्रद्धेबद्दल बोलतो, दृष्टीबद्दल नाही. निष्ठावंत भाविकही उत्तम अभ्यासक असू शकतो आणि पक्का नास्तिकही एकतर्फी लिहू शकतो. 'सर्वधर्मसमभाव'ही इथे नको. गांधीजींच्या एकादश व्रतांत सर्वधर्मसमानत्व आहे. ते व्रत आहे, अभ्यासाची रीत नव्हे.

राहिला 'तटस्थ', आणि तो मला फार आवडतो. तटावर उभा असलेला. पाण्यात उतरलेला नाही, पण पाण्याकडे पाठही फिरवलेली नाही. 'उदासीन' म्हणजे मुळात वेगळा बसलेला. मराठीत त्याचा अर्थ घसरत 'काही सोयरसुतक नसलेला' इथवर आला. तटस्थाचे तसे झालेले नाही. उलट 'पाहून तटस्थ झाला' म्हणजे थक्क होऊन जागीच उभा राहिला, अशीही त्याची एक जुनी छटा आहे.

वेदान्तात 'तटस्थ लक्षण' (बाहेरच्या खुणेने पटवलेली ओळख) आणि 'स्वरूप लक्षण' (वस्तूच्या मूळ रूपानेच दिलेली ओळख) असा भेद करतात. पहिल्याचे उदाहरण असे. देवदत्ताचे घर कोणते? तो कावळा बसलाय ना, ते. कावळ्यामुळे घर ओळखता येते, पण कावळा घराचा भाग नव्हे, आणि घरात काय आहे हेही तो सांगत नाही. काठावरच्या अभ्यासकाला बव्हंशी असे कावळेच दिसतात : उपवास कधी, तोंड कोणत्या दिशेला, प्रेताचे दफन की दहन. हे कमी लेखायचे कारण नाही. फक्त कावळ्यालाच घर समजू नये.

खरी अडचण मात्र 'तटस्थ' या शब्दात नाही, तुलनेच्या शब्दांत आहे. 'मशीद म्हणजे मुसलमानांचे देऊळ' हे वाक्य कोणी वाईट हेतूने लिहीत नाही. पण 'देऊळ' आले 'देवकुल'वरून, देवाचे घर. मशीद म्हणजे नमन करण्याची, माथा टेकण्याची जागा. तिथे मूर्ती नसते. 'प्रेषित' हा पाठवलेला, 'अवतार' हा स्वतः उतरलेला; एकाच्या जागी दुसरा घातला की एका अख्ख्या धर्माची मांडणी उलटते. अशा जागी त्या त्या धर्माचा शब्द ठेवावा आणि पुढे अर्थ द्यावा. वाचकाला जरा अडखळू द्यावे.

आणि क्रमाकडे लक्ष असू द्या. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रह' या भारतीय तत्त्वज्ञानांचा आढावा घेणाऱ्या संस्कृत ग्रंथात चार्वाकापासून एकेक दर्शन आपापली बाजू स्वतःच मांडते, त्यामुळे ग्रंथ अगदी तटस्थ वाटतो. पण पायऱ्या चढत जातात त्या शेवटी अद्वैताकडेच. ती तुलना नव्हे, उतरंड आहे.

'तौलनिक' आणि 'तुलनात्मक' दोन्ही चालतात. मी पहिला वापरतो तो एक अक्षर वाचते म्हणून.