पुरासाठी काम करायचंय, मग कॉम्प्युटर सोडू का?

प्रश्न: मी शिरोळ तालुक्यातली, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही महापुरांत आमच्या घरात पाणी होतं. अशा वेळी उपयोगी पडेल असंच काम करायचं मनात आहे. डिग्री सोडून आपत्ती व्यवस्थापनाचा कोर्स करू का? बाबा म्हणतात, आधी पुण्यात आयटीत नोकरी धर.

उत्तर: डिग्री अजिबात सोडू नकोस. तुला जे काम करायचंय, त्याला तुझं कॉम्प्युटरच लागणार आहे. आणि पुराच्या गावात वाढल्यामुळे तुला जे ठाऊक आहे, ते कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५. पावसाळ्यात हे आकडे तुमच्याकडे मोबाइलवर सतत फिरत असतात. पण गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला वेगळंच हवं असतं: माझ्या गल्लीत पाणी येणार का, जनावरं आज हलवायची की उद्या सकाळी चालेल? नदीची पातळी आणि त्या गोठ्याची जमीन यांची सांगड घालून देणारी माणसं फार कमी आहेत. तुझी जागा तिथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

उपग्रहांनी हे काम झालंच असेल, असं समजू नकोस. पूर भरात असतो तेव्हा आभाळ गच्च असतं, त्यामुळे साधी छायाचित्रं घेणारे उपग्रह निरुपयोगी ठरतात. युरोपच्या सेंटिनेल-१ वर रडार आहे, त्याला ढग आड येत नाहीत आणि त्याची माहिती फुकट मिळते. शांत पाणी त्यात काळं दिसतं. पण उभ्या उसात शिरलेलं पाणी त्याला नीट पकडता येत नाही, आणि शिरोळमध्ये ऊस किती, हे मी तुला काय सांगू! शिवाय तो रोज वरून जात नाही. जमिनीच्या उंचीचे जे नकाशे फुकट मिळतात, त्यांतला एकेक ठिपका ३० मीटरचा आणि उंचीतली चूक काही मीटरची. तुमच्याकडे तर एका फुटावर घर वाचतं नाहीतर जातं.

म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपल्याच गावावर कर. दोन्ही पुरांच्या खुणा भिंतींवर, देवळाच्या खांबांवर शोध, आणि जिथे पुसल्यात तिथे घरच्यांना विचार. मोबाइलच्या जीपीएसने उंची मोजू नकोस, ती भरवशाची नसते. सिव्हिलच्या एखाद्या मैत्रिणीला गाठ, त्यांच्याकडची उंची मोजायची लेव्हल मशीन मागून आण. मोजलेलं सगळं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर चढव, तेही फुकट आहे. मग त्या त्या दिवशीची नदीची पातळी त्याला जोड. एकाच बंधाऱ्याच्या आकड्यावर मात्र विसंबू नकोस: नृसिंहवाडीला संगम आहे, कृष्णा तुंबली की पंचगंगेचं पाणी मागे अडतं. दोन्ही नद्या धरल्या नाहीत तर हिशोब चुकेल.

यातून ‘पाणी इतक्यावर आलं की या गल्लीत शिरतं’ असा तक्ता निघाला, तर तो जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषांपेक्षा (पूर कुठवर येऊ शकतो हे नकाशावर दाखवणाऱ्या रेषा) गावाला लवकर कळेल. ॲप जरूर बनव, पण तोच तक्ता छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही लाव. वीज गेली की टॉवरही फार वेळ टिकत नाहीत.

ओडिशाकडे बघ. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा दोन अंकीच राहिला. अंदाज नेमका होता हे खरंच, पण निवारे बांधलेले होते आणि दारोदार जाऊन माणसांना बाहेर काढणारे स्वयंसेवकही तयार होते. तुझ्या प्रोग्रामचं काम स्क्रीनवर संपत नाही, हे पहिल्यापासून धरून चाल.

बाबांची काळजी मला पटते. जिल्हा पातळीवरच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या जागा मोजक्या आणि बहुतेक कंत्राटी असतात, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण नकाशा आणि उपग्रहाची माहिती हाताळता येणाऱ्याला पीकविमा, हवामान, धरणं आणि नगररचनेशी संबंधित कंपन्यांतही काम मिळतं. तेव्हा नोकरी धरायला हरकत नाही, फक्त या कामाच्या जवळची धर. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) संस्थेचे फुकट ऑनलाइन कोर्स आत्ताच सुरू कर. पुढे शिकायचं झालं तर एम.टेक.च्या गेट प्रवेशपरीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे जमीन मोजण्याच्या आणि नकाशांच्या शास्त्राचा, स्वतंत्र पेपर आहे, आयआयटी मुंबईत या विषयाचं केंद्र आहे, आणि पुण्यात सिम्बायोसिसची जिओइन्फर्मेटिक्सची संस्था आहे. आपत्ती व्यवस्थापनाची पदवी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून चार वर्षांनीही करता येईल, तेव्हा तुझ्याकडे विचारायला नेमके प्रश्न असतील.

कॉलेजात प्रोजेक्टचे विषय ठरायच्या आधी गाइडना भेट आणि मोजणीसाठी उन्हाळ्याची सुट्टी मागून घे. बाबांनाही सोबत ने. कुठल्या घरात पाणी कुठवर होतं, हे गावातली माणसं त्यांना तुझ्यापेक्षा मोकळेपणाने सांगतील.